डॉक्टरीणबाईंची खुर्ची समुद्रमार्गे

खुर्ची, उभी

एखाद्या वस्तूचं माप घ्यायचं तर त्या वस्तूने निदान तेवढा वेळ तरी एका मापाचं राहावं, एवढी साधी अपेक्षा जावईबापूंची होती. खुर्चीने ती पहिल्याच सकाळी धुळीला मिळवली.

टेप लावला तेव्हा खुर्चीच्या पाठीचं टोक त्यांच्या छातीला लागत होतं. आकडा लिहायला पेन्सिल शोधून आणेपर्यंत ते पोटापर्यंत आलं. कुणी हात लावला नव्हता. दातांच्या दवाखान्यातली ती जुनी लोखंडी खुर्ची, खालच्या नळकांड्यातलं तेल कुठूनतरी झिरपत असल्यामुळे, आपली आपण, मोठ्या सभ्यपणे, खाली बसत चालली होती.

"पायाशी पॅडल आहे. दाबत राहा, येईल वर," डॉक्टरीणबाई पेपरातून मान न काढता म्हणाल्या. "आणि मग चटकन मोजा. माणसांचंही तसंच असतं हो. ताठ असतात तेवढ्यात मोजून घ्यायचं."

जावईबापूंनी पॅडल दाबलं, खुर्ची वर आली, त्यांनी चटकन मोजलं, आणि तो आकडा ठळक अक्षरात लिहून ठेवला. आकड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असे. नगरपालिकेत इमारतींचे नकाशे मंजूर करणं हे त्यांचं काम. जिन्याची एखादी पायरी अर्धा इंच चढ निघाली तरी त्या पायरीभोवती लाल शाईने गोल करून ते नकाशा परत पाठवत, आणि हे त्यांनी इतक्या निष्ठेने केलं होतं की शहरातले निम्मे बिल्डर त्यांना रस्त्यात पाहून बाजू बदलत. ऑफिसात ते 'साहेब' होते. इमारतीत मात्र, लग्न करून सासूच्या घरी राहायला आले त्या दिवशी जे 'जावईबापू' झाले, ते जावईबापूच राहिले. पेपरवालासुद्धा बिलावर तेच लिहायचा.

घर डॉक्टरीणबाईंचं. पुढची खोली दवाखाना, मागे संसार. दवाखान्याची पाटी उतरून काही दिवस झाले होते, पण खुर्ची जागची हलली नव्हती. आणि आता घरच हलणार होतं. डॉक्टरीणबाईंच्या एकुलत्या मुलीला, म्हणजे जावईबापूंच्या बायकोला, समुद्रापलीकडे मोठी नोकरी लागली होती. ती पुढे गेली होती. मागून नवऱ्याने घर आवरायचं, आईला घ्यायचं आणि यायचं, असं ठरलं. सगळं ठरल्यावर आईंनी आपली एकच अट सांगितली.

"खुर्ची येत असेल तर मी येते. येत नसेल तर तुम्ही दोघं सुखाने राहा, अधूनमधून फोन करत जा."

असं बोलून त्यांनी शब्दकोडं सोडवायला घेतलं.

जावईबापूंना त्या यायला हव्या होत्या. 'या हं' म्हणायचं असतं म्हणून नव्हे, मनापासून. विनोदांच्या पुस्तकांत सासू जावयाचं जे जे करते त्यातली एकही गोष्ट या बाईंनी केली नव्हती. इतक्या वर्षांत 'माझं घर' हे दोन शब्द जावईबापूंनी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. अशा बाईला एका खुर्चीपायी मागे ठेवून जायचं म्हणजे आपण कसले नकाशे मंजूर केले आयुष्यभर, असं त्यांना वाटे.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला होता की खुर्ची कशी न्यायची.


अधलंमधलं

मालवाहतुकीच्या एजंटच्या टेबलावर काचेखाली जहाजांची चित्रं होती आणि काचेवर चहाची वर्तुळं.

"दोन रस्ते," एजंट म्हणाला. "एक शेअरिंग. कंटेनर आमचा. त्यात तुमचं सामान, शेजारी आणखी चार लोकांचं सामान. तुमचं जेवढी जागा खाईल तेवढे पैसे. दुसरा फुल. अख्खा कंटेनर तुमचा. ठासून भरा, अर्धा न्या, आत झोपाळा टांगा, भाडं तेवढंच."

"आमचं सामान कशात बसेल?"

जावईबापूंनी सांगितलेलं सामान एजंटने ऐकून घेतलं. पलंग, कपाटं, पुस्तकं, भांडी, शिलाई मशीन, दातांची खुर्ची. मग डॉक्टर रिपोर्ट बघून काढतात तसा त्याने चष्मा काढला.

"अधलंमधलं आहे," तो म्हणाला. "शेअरिंगला जास्त, फुलला कमी. आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड गिऱ्हाईक हेच."

जावईबापूंना हे लागलं. आपण मध्यमवर्गीय आहोत हे माणसाला माहीत असतं, त्याचं काही वाटतही नाही, पण ते कुणी घनफुटांत सांगू नये.

त्यांनी तिथेच बसून हिशेब मांडला. खुर्ची उभ्या मापाने धरली तर शेअरिंग थोडं स्वस्त पडत होतं. आणि स्वस्ताईपेक्षाही मोठं कारण वेगळंच होतं. फुल कंटेनर घेतला तर अर्ध्या रिकाम्या जागेचं भाडं भरायचं, म्हणजे इथली हवा विकत घेऊन ती परदेशात नेऊन सोडायची. जो माणूस बाहेर जाताना पंखा बंद केलाय ना ते बघायला दोनदा जिना चढतो, त्याच्याने हे होण्यासारखं नव्हतं.

"शेअरिंग," जावईबापू म्हणाले.

"एकदा घरी विचारा," एजंट म्हणाला.


ज्यांना विचारलं नव्हतं

वरच्या मजल्यावरचे चीफ जहाजावर इंजिनियर होते. निवृत्त होऊनही इमारतीतल्या पाण्याच्या टाकीपासून ते जगातल्या सगळ्या समुद्रांपर्यंत जे जे ओलं आहे त्यावर शेवटचं मत त्यांचं.

"फुल," चीफ जिन्यातच म्हणाले. "शेअरिंग म्हणजे धर्मशाळा. कोण कुठला शेजारी येईल, सांगता येत नाही."

"तुम्ही कंटेनर पुष्कळ पाहिले असतील."

"पाहिले असं नाही म्हणता येणार. मी खाली इंजिनात. कंटेनर वर. पण आवाज ऐकलाय ना जन्मभर. फुल कंटेनर लाटेवर शांत असतो. शेअरिंगचा कुरकुरतो."

"खाली इंजिनात तो कुरकुरण्याचा आवाज यायचा?"

"जावईबापू, कान तयार असावा लागतो," चीफ म्हणाले आणि वर निघून गेले.

तळमजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी दारातच गाठलं. त्यांच्या भाचीचं सामान शेअरिंगने गेलं होतं. शेजारी कुणाच्यातरी रबरी चपलांचे खोके. समुद्रावर ऊन, कंटेनर बंद, चपला तापल्या.

"अजून तिच्या कपाटाला वास येतो," बाई म्हणाल्या. "तिचा नवरा म्हणतो, तू जवळ आलीस की बस आल्यासारखं वाटतं."

"म्हणजे फुल घ्यावा म्हणता?"

"छे, छे. शेअरिंगच घ्या. फुल घेतलात की तुमच्याकडे जागा उरणार, जागा उरली की मी भाचीसाठी काहीतरी देणार, आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे."

इतका प्रामाणिक सल्ला जावईबापूंना आयुष्यात कुणी दिला नव्हता. शेवटी त्यांनी घरात येऊन विचारलं, "आई, तुमचं काय मत?"

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला. "मी जन्मभर लोकांशी बोलले तेव्हा माझा हात त्यांच्या तोंडात होता. त्यामुळे दुसऱ्याचं मत ऐकायची सवय नाही आणि आपलं द्यायची गरज पडली नाही. तुम्ही ठरवा. तुम्ही मापातले आहात."

मापातला माणूस त्या दिवशी छाती पुढे काढून फिरला.


फोन, फक्त तिकडची बाजू

"बोल. … हो, जेवले. … अरे पण त्यात एवढं काय ठरवायचंय? … कुणाची हवा? … हवा विकत घ्यायची म्हणजे काय? … बरं. … बरं. … चीफना कशाला विचारलंस? … आई काय म्हणाली? … तू मापातला आहेस असं म्हणाली? ती असं म्हणाली की मग मी जरा घाबरते. … नाही रे, कौतुकच असतं. ती पेशंटला 'तुम्ही फार धीराचे आहात' म्हणायची ना, ते सुई टोचायच्या आधी. … खुर्चीचं वाकडं होऊ देऊ नकोस. खुर्ची नसली तर आई येणार नाही, आणि ती आली नाही तर तू इथे येऊन काय बोलशील माझ्याशी, तुझी सगळी भांडणं तिच्याशी असतात. … शब्दकोड्यावरून असली तरी भांडणंच ती. … ठेवते."


खुर्ची, आडवी

सुताराने खुर्चीसाठी फळ्यांची पेटी केली. पेटी अगदी मापात, म्हणजे जावईबापूंच्या ठळक अक्षरातल्या आकड्याच्या मापात, वर बोटभर सूट. खुर्ची आत अशी बसली की सुतारानेही मागे सरून तिच्याकडे एकदा पाहिलं. टेम्पो आला, पेटी आणि बाकी सामान गोदामाकडे रवाना झालं.

दुपारी गोदामातून फोन आला.

"साहेब, ती खुर्ची तुमचीच ना?"

"हो. पोचली?"

"पोचली. पण जरा येऊन बघा. तिने पाय पसरलेत."

जावईबापू जाऊन पाहतात तो काय. दातांची खुर्ची पेशंटला बसवते आणि झोपवतेही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण पाठ पडू नये म्हणून बाजूला एक खटका असतो आणि तो नेण्याआधी अडकवायचा असतो, हे जावईबापूंना माहीत नव्हतं. रस्त्यातल्या खड्ड्यांनी खुर्चीला समजावलं होतं की आता आडवं व्हायला हरकत नाही. ती झाली. पुढच्या फळ्या फोडून पायठेव बाहेर आली होती, मागच्या फळ्या फोडून डोक्याची उशी बाहेर आली होती, आणि उरलेली पेटी मधे कमरेला आखूड झालेल्या स्वेटरसारखी अडकली होती. सगळं मिळून ती इतकी निवांत दिसत होती की दोन हमाल तिच्याकडे हेव्याने बघत उभे होते.

गोदामातला कारकून टेप घेऊन आला. त्याने उशीच्या टोकापासून पायठेवीच्या टोकापर्यंत मोजलं. इथे लांबी धरतात ती सगळ्यात बाहेरच्या टोकापासून, आणि मधली पोकळीही सामानातच मोजतात. मग त्याने कागदावरच्या जावईबापूंच्या आकड्याकडे पाहिलं, खिशातून लाल पेन काढलं, त्या आकड्याभोवती गोल केला आणि कागद परत दिला.

हा प्रसंग जावईबापूंनी पुढे बायकोलाही सांगितला नाही.

एजंटने उरलेलं सांगितलं. खुर्चीने शेअरिंगमधली त्यांची जागा भलतीच वाढवली होती. शिवाय पेशंट बसतो ती खुर्ची म्हणजे वैद्यकीय उपकरण, त्याला वेगळा दाखला. दाखला येईपर्यंत खुर्ची थांबणार, खुर्ची थांबली की शेअरिंगचा अख्खा कंटेनर थांबणार.

"बाकीच्यांचं सामानही?"

"बाकीच्यांचंही. एकीचं नवीन लग्न झालंय, तिचा पलंग आहे. एक प्राध्यापक आहेत, त्यांची पुस्तकं. एक माणूस नुसते आरसे पाठवतोय, तो तर तुमची खुर्ची बघून गेला तेव्हापासून मला सारखा फोन करतोय. ते सगळे मला विचारणार की कुणामुळे अडलं, आणि मी त्यांना तुमचा नंबर देणार. शेअरिंग म्हणजे हेच साहेब. नुसती जागा वाटून घेत नाही आपण, एकमेकांची कटकटही वाटून घेतो."

"आणि फुल घेतला तर?"

"ज्या डॉक्टरची खुर्ची त्याच्याच नावावर घरसामान म्हणून कंटेनर गेला, तर दाखला लागत नाही. त्यांची कामाची वस्तू, त्यांच्या घरी चाललीय. विषय संपला."

संध्याकाळी जावईबापूंनी सगळं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खटका तुम्हाला दाखवायचा मीच राहिले," त्या म्हणाल्या. "माझी चूक. जाऊ दे हो. एवढा खटाटोप कशाला. खुर्ची राहू दे इथेच."

वाक्य साधं होतं. पण ते म्हणताना त्यांचे खांदे थोडे खाली आले, तंग दोर सुटल्यावर येतात तसे, आणि नकाशातली अर्धा इंच चढ पायरी ज्यांना लांबून दिसते त्या जावईबापूंना ते दिसलं. खुर्ची राहिली तर आपण राहू, कुणाचं मन न दुखावता राहू, असा हिशेब त्या खांद्यांत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामातलं सगळं सामान परत घरी आणवलं आणि फुल कंटेनर घेतला. डॉक्टरीणबाईंच्या नावावर. हवेसकट.


भराई

कंटेनर ट्रकवर बसून इमारतीसमोर आला तेव्हा अख्खा रस्ता अडला आणि अख्खी इमारत खाली आली. जावईबापूंनी रात्र खर्चून कंटेनरच्या आतला नकाशा काढला होता, कुठे काय ठेवायचं त्याचा. तो त्यांनी हातात धरला होता. डॉक्टरीणबाई जुना पांढरा कोट घालून खाली आल्या, नकाशा घेतला, नीट पाहिला, "सुंदर काढलाय" म्हणाल्या, आणि घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. मग त्यांनी कंटेनरच्या आत तोंड घालून इकडेतिकडे पाहिलं.

"मोठं तोंड आहे," त्या म्हणाल्या. "मागून सुरुवात करू."

पुढचे काही तास जे झालं ते पाहून जावईबापूंना आपल्या हयातभराच्या कामाविषयी नम्र वाटायला लागलं. बाई कुठेही मोजत नव्हत्या. नुसतं बघत, बोट दाखवत, आणि वस्तू त्या जागी अशी जाऊन बसे की जणू ती जागा रिकामी होती तेव्हाच चुकीची होती. कपाटं मागे, भिंतीला पाठ लावून. कपाटांत पुस्तकं, पुस्तकांच्या फटीत चमचे. शिलाई मशीनच्या पोटात चादरी. दोन वस्तूंमधे बोटभर जागा दिसली की त्या तिथे उशीचा अभ्रा दुमडून दाबत.

"फट ठेवायची नाही," त्या हमालांना सांगत होत्या. "बिघडायला सुरुवात फटीतूनच होते. दात असो की सामान."

हमाल माना डोलवत. चीफ ट्रकशेजारी उभं राहून तोल कसा साधावा ते सांगत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नसल्यामुळे तोल उत्तम साधला जात होता.

सगळं भरून झालं तरी दाराकडे एका खोलीएवढी जागा उरली. हीच ती जावईबापूंची हवा. डॉक्टरीणबाईंनी जावईबापूंकडे पाहिलं, जावईबापूंनी दुसरीकडे पाहिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "जागा आहेच, तर दवाखान्यातला बाक घ्यायचा का?"

बाक आला. बाकामागून औषधांचं काचेचं कपाट, पेशंटसाठी ठेवलेली मासिकं, हात धुवायचं भांडं, दवाखान्याचा पडदा. खुर्ची आली, यावेळी खटका अडकवून, ताठ. तिच्याभोवती गाद्या उभ्या राहिल्या. शिकवणीवाल्या बाई भाचीसाठी एक बोचकं घेऊन आल्या, मान खाली घालून, आणि म्हणाल्या, "मी सांगितलं होतं." ते बोचकं बाकाच्या खाली असं गेलं की बाईंना स्वतःलाच ते परत दाखवता आलं नसतं. शेवटी दोन रिकामी खोकी दाराशी अडकवून डॉक्टरीणबाईंनी हात झटकले. आत कागद सरकवायला जागा नव्हती. अधलंमधलं सामान काठोकाठ झालं होतं.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. ड्रायव्हरने दार लावलं, एजंटच्या माणसाने सील ठोकलं, ट्रक गेला.


एक वाक्य

रिकाम्या घरात जमिनीवर बसून, सवयीप्रमाणे सगळे कागद एकदा लावून ठेवावेत म्हणून जावईबापूंनी "आई, तुमचा पासपोर्ट द्या," म्हटलं, तेव्हा त्या "पर्समध्ये आहे," म्हणाल्या, "पर्स कुठे आहे," विचारल्यावर त्यांनी खिडकीतून, ट्रक ज्या दिशेने गेला होता त्या रस्त्याकडे पाहिलं, आणि पुढचं उत्तर येण्याआधीच जावईबापू जिना उतरत होते.


यार्ड

बंदराच्या यार्डात कंटेनरांच्या गल्ल्या होत्या, एकावर एक रचलेल्या, आणि त्यांचा ट्रक नशिबाने अजून रांगेत उभा होता. फाटकावरच्या अधिकाऱ्याचं टेबल छत्रीखाली होतं. जावईबापू धापा टाकत होते. डॉक्टरीणबाई, टॅक्सीत एक अक्षर न बोललेल्या, मागे शांत उभ्या होत्या.

"सील तोडायचं? मालक कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

"या."

"ओळख पटवायला पासपोर्ट दाखवा."

"तो आत आहे."

"मग काढा."

"काढायलाच सील तोडायचंय."

"त्याला पासपोर्ट लागतो."

असं दोन वेळा फिरून झालं. हे वर्तुळ कुणाच्याही चुकीने नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. जावईबापूंनी कळवळून सांगितलं की तिकडे बंदरावर कंटेनर सोडवायलाही याच बाईंना जातीने पासपोर्ट दाखवावा लागणार, आणि पासपोर्ट आत असल्यामुळे बाईंना तिकडे जाताच येणार नाही. म्हणजे पेटी पोचेल, पण पेटीची किल्ली पेटीतच.

अधिकाऱ्याने कागद चाळले. त्यावर फोटोची प्रत होती. त्याने प्रतीकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"फुल आहे ना," तो म्हणाला. "एकच मालक, समोर उभा. शेअरिंग असतं तर बाकीच्या सगळ्या मालकांना बोलवायला लागलं असतं, मग तुम्ही आणि मी दोघंही इथेच म्हातारे झालो असतो. सील तोडू देतो, नवीन लावू. पण सामान खाली उतरवायला जागा नाही, परवानगीही नाही. दार उघडा, हात पोचेल ते काढा, दार लावा. तुमच्यामागे रांग आहे."

दार उघडलं. समोर ती भिंत. डॉक्टरीणबाईंनीच रचलेली, फट नसलेली.

"पर्स कुठे आहे नेमकी?" जावईबापूंनी विचारलं.

"खुर्चीवर."

खुर्ची खोक्यांच्या मागे, बाकाच्या मागे, गाद्यांच्या मधे. जावईबापूंनी हात लांब करून पाहिला. हात पोचणार नव्हता. आणि आता फक्त एवढं म्हणायचं होतं की जमत नाही. ते म्हणणं डॉक्टरीणबाईंना किती सोपं होतं हे त्यांना कळत होतं. कुणीही दोष दिला नसता. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई त्यांच्या पायांकडे पाहत होत्या. बराच वेळ.

मग त्यांनी बाह्या वर केल्या.

"तुमच्याकडे आरसा असेल," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "गाडीखाली बघायचा."

होता. लांब दांडीवर वाटोळा आरसा, ट्रकच्या खाली काही लपवलंय का ते बघायचा. तो हातात आला आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. दवाखान्यात तो आरसा बोटाएवढा असायचा, इथे पुरुषभर उंच, पण आरसा तोच.

"ड्रायव्हर, दोरी ओढायचा आकडा द्या. बॅटरी कोण धरणार?"

"मी," जावईबापू म्हणाले.

"माझ्या खांद्यावरून धरा. हलू नका. बोलू नका."

कुणीतरी उलटं खोकं पायाखाली दिलं. डॉक्टरीणबाई त्यावर चढल्या, दाराशी अडकवलेलं वरचं रिकामं खोकं काढलं, आणि त्या भगदाडातून आरसा आत सरकवला. गाद्यांच्या वर, छताखाली, तेवढी एकच अंधारी चीर उरली होती. आरसा त्या चिरेतून गेला, वळला, खाली वाकला. आरशात खुर्चीची हातठेव दिसली, मग चामड्याची बैठक, मग तिच्यावर नीट ठेवलेली तपकिरी पर्स.

त्यांचा हात थोडा कापत होता. दवाखाना त्यापायीच बंद केला होता. त्यांनी कोपर दाराच्या कडेवर टेकवलं, श्वास सोडला, हात थांबला. दुसऱ्या हाताने आकडा आत गेला. यार्डातली माणसं जमली होती, रांगेतले ड्रायव्हरही उतरून आले होते.

"ओढायचं नसतं," त्या पुटपुटल्या, बहुतेक स्वतःशीच. "ओढलं की शेजारचे दुखावतात. हलवायचं. तोच सुटून येतो."

आकडा पर्सच्या बंदात गेला. डावीकडे जरा. उजवीकडे जरा. पर्स बैठकीवरून उठली, गादीला घासली, थांबली, पुन्हा हलली, चिरेतून वर आली आणि खोक्याच्या भगदाडातून बाहेर पडून थेट जावईबापूंच्या छातीवर आदळली. आत कुठलीही वस्तू जागची हलली नव्हती. बोचक्याची गाठसुद्धा.

यार्डातल्या माणसांना टाळ्या वाजवाव्यात की काय ते कळेना. एका वयस्कर ड्रायव्हरने नकळत स्वतःच्या गालाला हात लावला. जावईबापूंच्या मनात मात्र एकच विचार आला: या बाईंच्या घरात मी इतकी वर्षं राहिलो, आणि यांना मी आत्ता पाहतोय.


दार

डॉक्टरीणबाई खोक्यावरून उतरल्या आणि त्यावरच बसल्या.

"चुकून नव्हती गेली," त्या म्हणाल्या. "मीच ठेवली खुर्चीवर. म्हटलं, बघू."

"मग काढलीत का?"

"पायात बघा तुमच्या."

जावईबापूंनी पाहिलं. एका पायात त्यांचा बूट होता. दुसऱ्या पायात डॉक्टरीणबाईंची घरातली निळी चप्पल.

"अशा माणसाला काय सांगायचं, की मी येत नाही म्हणून?" त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ पर्सची चेन उघडत आणि लावत राहिल्या. "मला तिकडे कशाची भीती नाही हो. नवीन जागा, थंडी, भाषा, जमेल सगळं. पण घर तुमचं असणार. इतक्या वर्षांनी दुसऱ्याच्या घरात कसं वागायचं ते मला येत नाही. तुम्ही कसं राहिलात माझ्याकडे?"

हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. जावईबापूंनी आठवून पाहिलं.

"सुरुवातीला कपाटाचं दार हळू लावायचो," ते म्हणाले. "आवाज होऊ नये म्हणून. पुष्कळ दिवस."

"माहीत आहे. चोरासारखं लावायचात."

"तुम्हाला ऐकू यायचं?"

"आवाज येत नव्हता, तेच ऐकू यायचं. म्हणून तर मी माझी सगळी दारं आपटायला लागले. म्हटलं, या घरात दार आपटलं तरी चालतं, हे कळू दे या माणसाला. सांगून कळण्यासारखं नव्हतं ते."

ती आपटलेली दारं जावईबापूंना एकेक आठवत होती. स्वयंपाकघराचं, दवाखान्याचं, औषधांच्या कपाटाचं. हात जड आहे बाईंचा, असं ते मानत आले होते. कधी कधी तर आपल्यावरच चिडल्यात असं वाटून त्यांनी उगाच जिन्यात चकरा मारल्या होत्या.

"साहेब, दार लावून घ्या," अधिकारी छत्रीखालून म्हणाला. "बिजागर गंजलंय, जोरात लावल्याशिवाय बसणार नाही."

ड्रायव्हर पुढे झाला. जावईबापूंनी त्याला हाताने थांबवलं. रिकामं खोकं परत जागेवर अडकवलं, निळी चप्पल घट्ट रोवली, आणि दोन्ही हातांनी कंटेनरचं ते लोखंडी दार धरलं.

"तिकडे आधी मी आपटेन," ते म्हणाले.

आणि त्यांनी दार आपटलं. आवाज यार्डाच्या गल्ल्यांतून, कंटेनरांवर आदळत, पार पाण्यापर्यंत गेला. रांगेतल्या ड्रायव्हरांनी माना वळवल्या. छत्रीखालच्या अधिकाऱ्याचा चहा सांडला.

डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या, आवाज पुरता विरेपर्यंत. मग पर्स काखेत मारून उठल्या.

"जमेल तुम्हाला," त्या म्हणाल्या.